वाणाचा कुकर

मिरज, दवाखान्यातून
ता. ३ ऑक्टोबर १९९६

हरणाबाई विहीणबाईंना,

रामराम लिहायला मन घेत नाही, पण मोठ्यांनी लावलेली शिस्त आहे म्हणून रामराम. आमची खुशाली विचारू नका. ती तुम्हीच घालवलीत.

अधिक महिन्यात तुम्ही जावयाला धोंड्याचं वाण दिलंत. "माझ्या साळूला चुलीचा धूर सोसत न्हाई, म्हणून चांदीबिंदी सोडून कुकर देते," असं चार बायकांत मिरवून सांगितलंत. रिकामं भांडं देऊ नये म्हणून कुकरात तेहतीस अनारसे भरलेत. वाण म्हणून आम्ही तो गौरी जाईस्तोवर देवापुढे ठेवला, मग वापरायला काढला. चार दिवस सुद्धा धड गेले नाहीत.

रविवारी सकाळी साळूनं तुरीची डाळ लावली आणि गोठ्यात गेली. शिट्टी होईना. मी बघायला वाकले आणि झाकण उडालं. पत्र्याला पोचा आला, स्टोव्ह आडवा झाला, आणि डाळ माझ्या डाव्या गालावर आणि मानेवर. डोळा वाचला. डॉक्टर म्हणतात नशीब. मी म्हणते, नशीब कसलं, विहिणीची मेहेरबानी.

कारण मला ठाऊक आहे. तुमच्या अनारशांची तुपकट खसखस त्या वाफेच्या नळीत बसली. भांडं देताना तुम्ही पुसलं नाही, वापरायला घेताना तुमच्या लेकीनं घासलं नाही. आईचे गुण लेकीत उतरतात.

माझा आकाराम शनिवारी साळूला वडूजला आणून सोडेल. भांडी घासायची कशी ते तिला शिकवा. शिकली की कळवा.

भामाबाई
(अक्षर वेडंवाकडं आलंय ते दुखण्यानं नव्हे, रागानं.)

---

वडूज
ता. १० ऑक्टोबर १९९६

भामाबाई,

तुम्ही भाजलात हे ऐकून पदर तोंडाला लावून रडले, हे देवाशप्पथ खरं. मग साळूनं तुमचं पत्र हातात दिलं आणि डोळे आपोआप सुकले.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करू नका. माझी लेक भांडं घासते तर त्यात तोंड दिसतं. तुमच्या घरी घासायला काय ठेवता ते मी लग्नात बघितलंय. चुलीतली राख आणि नारळाच्या शेंड्या. त्या राखेनंच नळी बुजली असणार. शिवाय जाळ मोठा ठेवायची तुमच्या घरची खोड. दूध उतू जातं, भाकरी करपते, माणसांचं डोकंही लगेच तापतं. कुकरला बिचाऱ्याला काय बोल लावता?

कुकर नावाजलेल्या कंपनीचा आहे. साताऱ्याच्या मोठ्या दुकानातून आणलाय. झाकणावर कंपनीचं नाव आहे, ते तुम्हाला वाचता येतं. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात पहिला नंबर काढलात असं तुम्हीच सांगत होता.

बिल मागाल म्हणून आधीच सांगते, ते नाही. वाणाची किंमत जावयाच्या नजरेला पडू नये म्हणून किमतीचा कागद आणि खोकं मी चुलीत घातलं. तुम्ही तुमच्या जावयाला दिलंत तेव्हाही हेच केलं असणार.

आता तो कुकर, जसा असेल तसा, येणाऱ्या माणसाबरोबर इकडे पाठवा. दुकानदाराच्या पुढ्यात आदळते आणि दोष कुणाचा ते विचारते. तुमचाच निघाला तर लेकीला नाक वर करून परत पाठवीन.

हरणाबाई

---

कडेगाव
ता. १९ ऑक्टोबर १९९६

हरणाबाई,

घरी आले. आरशावर फडकं टाकलंय. गाल पिकल्या वांग्यासारखा झालाय, गल्लीतली पोरं बघून आत पळतात.

राखेनं आमच्या सात पिढ्यांची भांडी उजळली. तुमच्या एका भांड्यानं आमचं एक तोंड काळं केलं. आता बोला.

कुकर पाठवा म्हणता. तुमच्याकडे रीतभात वेगळी असेल तर सांगा, आमच्यात वाण परत पाठवत नाहीत. फुटो, वितळो, चोरीला जावो, उंबऱ्याच्या आत आलं ते आत आलं. ते झाकण मी पोत्यात गुंडाळून देवघराच्या कोनाड्याखाली ठेवलंय. तिथंच राहील. परत मागायची तुमची जीभ झाली कशी? पन्नाशी उलटली तरी एवढं कळत नाही?

आकाराम जेवत नाही, ते माझ्यावर रागावून. त्याचं म्हणणं, साळूला आणायला जातो. मी म्हटलं, जायचं तर जा, पण ती शिकली का ते तुझ्या सासूनं अजून कळवलेलं नाही.

भामाबाई

---

वडूज
ता. २८ ऑक्टोबर १९९६

भामाबाई,

चोराच्या मनात चांदणं. रीतीच्या पदराआड झाकण लपवलंत, कारण त्याची नळी बघितली की राख दिसेल. वाण, रीत, सात पिढ्या! रीत आम्हालाही आहे. पोटच्या पोरीसारखी सून सणावाराच्या तोंडावर माहेरी आणून टाकणं ही कुठल्या गावची रीत?

साळू बोलत नाही. सकाळी पाणी भरते, दुपारी शेळ्यांमागे जाते, संध्याकाळी अंगणात बसून रस्त्याकडे बघते. तिला म्हटलं, "अगं, बोल की कायतरी. तुझ्या सासूनं तुला काय काय म्हटलं ते सांग." तर म्हणते, "तुझ्यापरास कमीच म्हटलं." हे शिकवून पाठवलंय तुम्ही.

दिवाळीला जावयाला पाठवायचं तर पाठवा. ओवाळायला ताट तयार आहे. हात जोडायला मात्र आम्ही तयार नाही.

आणि पुन्हा सांगते, आमच्या कुकरमध्ये खोट नाही. माझ्या गल्लीत पाच घरांत तसाच कुकर आलाय. पाचही बायका शिट्ट्या मोजत बसतात, कुणाच्या गालाला काही झालं नाही. शिजवणारीचा हात असावा लागतो.

हरणाबाई

---

वडूज
ता. १६ नोव्हेंबर १९९६

ती. आत्या,

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. पोस्टात टाकायलाही मीच जाणार आहे.

तुमच्या गालाची आग कमी झाली का? हळद आणि लोणी लावू नका, डॉक्टरांनी दिलेलंच मलम लावा. हे रोज तिथं सांगायला मी नाही म्हणून लिहिते.

नळीत खसखस नव्हती आणि राखही नव्हती. मी दर वेळी खराट्याच्या हिराची काडी नळीतून आरपार घालायची आणि झाकण उजेडाकडे धरून बघायची. त्या रविवारीही बघितलं होतं. पलीकडचा उजेड दिसला, मगच झाकण लावलं. तुम्ही दोघींनी दीड महिना एकमेकींना विचारलं. मला कुणी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट. कुकर साताऱ्याच्या दुकानातला नाही. पेपरात जाहिरात आली होती. नावाजलेला कुकर, कारखान्यातून थेट घरी, दुकानापेक्षा निम्म्याला. आईनं कार्ड टाकलं आणि पोस्टमननं व्ही.पी.नं, दारात पैसे घेऊन, आणून दिला. वाण देऊन आल्यावर गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, तेव्हा आईनं ते कात्रण सगळ्यांना दिलं. पाच जणींनी मागवले. दसऱ्याच्या आसपास आले.

काल धोंडुबाई काकूंचा उडाला. काकू परड्यात गवरी आणायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. झाकण कौलं फोडून बाहेर पडलं. त्यांच्या कुकरात अनारसे कधी घातले नव्हते, आणि घासायला त्या साबणाची वडी वापरतात.

आई कालपासून दार लावून बसली आहे. काकूंना म्हणाली, "वाइसर उलटा बसला असंल." पण तिचा चेहरा मी बघितला आहे. अजून चार घरांत तो कुकर रोज लागतो.

तुम्ही वाण परत का पाठवलं नाही ते मला कळलं. वाण गेलं की मागोमाग सूनही गेली असं होतं. तुम्ही मला पाठवलंत, परत केलं नाही. आईला ते कळलेलं नाही.

तुमची,
साळू

---

कडेगाव
ता. २१ नोव्हेंबर १९९६

हरणाबाई,

धोंडुबाईची कौलं शाकारून झाली का?

मला कसं कळलं ते विचारू नका. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. साताऱ्याचं मोठं दुकान म्हणे! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. वाण मोठं दिसावं म्हणून स्वस्तातलं घेतलंत, त्याचा मला राग नाही. आम्हीही काटकसरीतच वाढलो. राग याचा की ते लपवायला माझ्या राखेचा आणि पोरीच्या हाताचा उद्धार केलात.

आता नीट वाचा. काल पोतं सोडून झाकण बाहेर काढलं. शेजारच्या गुरुजींच्या मंडळींकडे त्याच कंपनीचा कुकर आहे, विट्याच्या दुकानातून घेतलेला. दोन्ही झाकणं मांडीवर घेऊन बसले. वरून बघाल तर जुळ्या बहिणी. शिट्टीशेजारी ते एक बटण असतं ना, सेफ्टीचं, वाफ कोंडली की जे वितळून वाट करून देतं? त्यांच्या झाकणाचं बटण फिरवून काढलं, खाली आरपार भोक. तुमच्या झाकणाचं बटण आकारामनं पकडीनं उपटलं.

खाली भोकच नाही, हरणाबाई. नुसता सपाट पत्रा. वर शोभेला बटण चिकटवलेलं. म्हणजे वाफेला पळून जायला वाटच ठेवली नव्हती. आणि शिट्टी आतून अशी खरबरीत, की तापली की नळीला धरूनच बसते. तुमची खसखस सुटली, माझी राख सुटली. ज्यानं हे बनवलं त्याला ठाऊक होतं की ते कुणाच्या तरी तोंडावर जाणार. त्यानं आपलं नाव घातलं नाही, दुसऱ्याचं घातलं.

तुमच्या गल्लीत तसली चार बटणं अजून आहेत. हे पत्र मिळाल्यावर दार उघडा आणि चार घरं हिंडा. लाज वाटत असेल तर माझा गाल डोळ्यापुढे आणा. नाही हिंडलात आणि कुणाचं पोर भाजलं, तर मी वडूजच्या बाजारात उभी राहून तुमचं नाव घेईन.

भामाबाई

---

वडूज
ता. ३० नोव्हेंबर १९९६

भामाबाई,

घरभेदी कोण ते मला कळलंय. ती आत्ता माझ्यापुढे बसून लसूण सोलते आहे आणि मान वर करत नाही. तिला आता काय बोलू?

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी हिंडले. तुमच्या धाकानं नव्हे. धोंडुबाईच्या घरात फुटल्या कौलातून ऊन चुलीवर पडतं, ते आठ दिवस बघत होते.

पहिल्या घरी सांगितलं तर ती म्हणाली, "अगं बया, तूच तर दिलंस कात्रण. आता तूच म्हणतीस खोटं हाय?" पक्कड घेऊनच गेले होते. बटण काढून सपाट पत्रा दाखवला तेव्हा तिनं कुकर उचलून परड्यात नेऊन ठेवला. दुसरीनं कुकर अंगणात फेकला, तो माझ्या पायाशी पडला. फेकला की टाकला ते मी विचारलं नाही. तिसरी साधी, तिनं मलाच चहा दिला. बटण निघालं तसा मी चहा अर्धाच खाली ठेवला.

राहिली आक्काताई. आमच्या भजनाची म्होरकी. तिच्या स्टोव्हवर कुकर चढलेला, नातवंडं भोवती. मी सांगायला लागले तशी उसळली. "माझा झ्याक चालतोय. तुझ्या विहिणीला शिजवाय येत न्हाई, त्यात माझा काय गुन्हा? का आमच्याकडं चांगली वस्तू आली ती बघवंना तुला?"

हेच मी तुम्हाला लिहिलं होतं ना, शिजवणारीचा हात. माझाच शब्द माझ्या थोबाडीत.

मी म्हटलं, "बरं. चालू दे." आणि तिच्या स्टोव्हपुढे फतकल घालून बसले. म्हटलं, "पोरांना बाहेर काढ. तू जा न्हायतर बस. मी हितनं हलत न्हाई. उडालं तर माझ्या तोंडावर उडू दे, दिलं मी हाय." शिट्टी होत नव्हती. झाकण नुसतं थरथरत होतं. आक्काताई एकदा माझ्याकडे बघायची, एकदा कुकरकडे. मग पुढे येऊन तिनं स्टोव्हची चावी सोडली आणि मला हाताला धरून ओढत बाहेर आणलं. बाहेर येऊन मला शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. भजनात आता माझ्या शेजारी कुणी बसत नाही. बसू नये.

पण तुम्हीही ऐका. मिरजेला भाजून पडलेली बाई बरी की वाईट हे न विचारता मी दीड महिना राख आणि जाळ लिहीत बसले, हे माझं. सून दाराबाहेर काढलीत, हे तुमचं. ते मी सोडणार नाही.

हरणाबाई

---

कडेगाव
ता. ६ डिसेंबर १९९६

हरणाबाई,

सोडू नका. मीही काही सोडलेलं नाही.

आक्काताईपुढे बसलात ते बरोबर केलंत म्हणायला माझी जीभ वळत नाही. हा कसला शहाणपणा? पक्कड हातात होती, चावी पुढ्यात होती, आणि तुम्ही तोंड पुढे करून बसलात. झाकण उडालं असतं म्हणजे? मग मी भांडायचं कुणाशी? तुमच्या नवऱ्याशी? त्यांना दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत.

मंगळवारी मी वडूजला येते. मायणीवरून येणारी दुपारची गाडी. आकाराम येणार नाही, मी येणार आहे. पाठवली मी होती, न्यायलाही मीच येणार. चहा ठेवू नका. साळूचं गाठोडं तेवढं बांधून ठेवा.

आणि धोंडुबाईकडे तिच्या कुकरची व्ही.पी.ची पावती असेल तर ती मागून घ्या. तुमच्यासारखी तिनं ती चुलीत घातली नसेल, तिला कुणाला वाण द्यायचं नव्हतं. गुरुजी म्हणतात जिल्ह्याला ग्राहक मंच आहे, तिथं वकील लागत नाही, साध्या कागदावर तक्रार चालते. तुम्हाला यायचं तर या. नाही आलात तर मी एकटी जाईन आणि सगळा दोष तुमच्यावर घालून येईन.

भामाबाई

---

वडूज
ता. २४ फेब्रुवारी १९९७

भामाबाई,

साळूचं पत्र आलं. घरी सगळं नीट आहे म्हणते. तुमची बाजू घेऊन लिहिते, म्हणजे खरंच नीट असणार.

तुम्ही सांगलीच्या गाडीत खिडकीची जागा बळकावलीत, त्यावर मी अजून बोललेले नाही. आणि मंचातल्या साहेबांसमोर जे केलंत त्यावर तर बोलायलाच हवं. ते बिचारे चांगले माणूस. म्हणाले, "आजी, हा कुकर पुरावा म्हणून इथं जमा करावा लागेल." तर तुम्ही तो पोटाशी धरून म्हणता, "वाण हाय ते. लिवून घ्या, फोटू काढा, पर ठेवाय द्याची न्हाई." शेवटी त्यांनी धोंडुबाईचा ठेवून घेतला आणि तुमचा लिहून घेतला. सगळी कचेरी हसत होती. मीही हसले असते, पण मी तुमच्यावर रागावलेली होते.

आता निकाल ऐका. काल कागद आला. त्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत आली. तिथं नुसता पोस्टातला पेटी नंबर होता, तो कधीच कुणीतरी सोडून दिलेला. ज्या कंपनीचं नाव होतं तिनं कळवलं की आम्ही टपालानं कधीच माल विकत नाही, आमच्याही नावाचं वाटोळं झालंय. म्हणजे भांडायला समोर कुणीच नाही. तुमचा गाल, धोंडुबाईची कौलं, आणि पलीकडे नुसती हवा. अशा माणसाला शिव्या तरी कुठल्या पत्त्यावर घालायच्या?

आणि परवाच्या पेपरात बघा. तीच चौकट, तसंच खोटं हसणारी बाई, फक्त कंपनी दुसरी. आता मिक्सर निघालाय. निम्म्या किमतीत. कात्रण सोबत पाठवते. यावेळी वाटायला नव्हे.

हरणाबाई

---

कडेगाव
ता. ५ मार्च १९९७

हरणाबाई,

नोटीस परत येणार हे मला गाडीतच वाटलं होतं, पण तुम्ही इतक्या जोरात भांडत होता की सांगायला सवड मिळाली नाही.

माणूस सापडला नाही, पण त्याचं गिऱ्हाईक तर आपल्याला सापडतं की नाही? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी काय केलं ते साळूनं लिहिलं नसेल, तिला लाज वाटली. पाटावर तो फुटका कुकर मांडला. बायका आल्या तशा आधी माझा गाल बघायला लावला, मग बटण उचलून खालचा सपाट पत्रा, आणि मग कुंकू. "पेपरातलं चित्र बघून पैसं धाडू नगा. दुकानात जाऊन हातात घ्या. बिल मागा. बिल न्हाई तर वस्तू न्हाई." एक म्हणाली, "भामाबाय, सणाला असलं अभद्र मांडत्यात व्हय?" म्हटलं, "तुझ्या घरात उडाल्यावर मांडण्यापरास आज मांडलेलं बरं."

तुमचं कात्रण गुरुजींनी शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवलंय, खाली लाल खडूनं लिहून. तुम्हीही वडूजच्या बाजारादिवशी काहीतरी करा. नुसती पत्रं लिहून हात दुखतात, दुसरं काही होत नाही.

आक्काताई अजून शेजारी बसत नाही का? तिला म्हणावं, कडेगावची भामाबाई विचारत होती, नातवंडं कशी आहेत.

भामाबाई

---

वडूज
ता. २ जून १९९९

भामाबाई,

मधे दोन वर्षं पत्र नाही, म्हणजे भांडण मिटलं असं समजू नका. बाळंतपणात आणि बारशात आपण जे तोंडी बोललो ते पुरेसं होतं.

पुन्हा अधिक महिना आलाय. जावयाला वाण द्यायचं. काय द्यावं म्हणून मी पंधरा दिवस झोपले नाही. चांदी द्यावी, तर तुम्ही म्हणणार भ्याली. भ्यालेच आहे, पण तुम्हाला ते कळू द्यायचं नाही. म्हणून कुकरच देते.

विट्याच्या दुकानात मी स्वतः गेले. साळूला बरोबर बोलावलं तर ती नको म्हणत होती, "आई, तू दुकानदाराशी भांडशील." भांडलेच. त्याला झाकणाचं बटण काढून दाखवायला लावलं. डोळा लावून बघितलं, भोकातून त्याची मिशी दिसली. मग पाणी घालून दुकानातच शिट्टी काढायला लावली. माणसं जमली. "आजी, लगीन हाय का कुकरचं?" म्हणाला. म्हटलं, "व्हय. पहिला नवरा खोटा निघाला."

यावेळी अनारसे टोपलीत वेगळे दिलेत. पण रिकामं भांडं देत नाहीत, म्हणून कुकरात बिल आणि हमीपत्र ठेवलंय. किंमत खोडलेली नाही. जावई बघतील, तुमचे भाऊबंद बघतील, म्हणतील हरणाबाईनं वाणाची किंमत दाखवली, रीत मोडली. म्हणू द्या. झाकलेल्या किमतीनं काय झालं ते तुमच्या गालावर आहे.

हरणाबाई

---

कडेगाव
ता. १४ जून १९९९

हरणाबाई,

अनारसे कडक होते. नातवानं एक चघळायला घेतला तो अजून चघळतोय.

बिल चार जणांसमोर वाचलं. आमचे थोरले दीर म्हणाले, "हे कसलं वाण? किंमत दाखवत्यात का कुटं?" मी म्हटलं, "दादा, आमच्या विहिणीनं दाखवली, तुमच्यात हिंमत असंल तर तुमी दाखवा." ते पान खायला बाहेर गेले. हे तुमच्या कौतुकासाठी लिहीत नाही. घडलं ते लिहिते.

जुना कुकर मी टाकलेला नाही. त्याच्या बुडाला आकारामनं भोकं पाडली, त्यात मेथी लावली आहे. उंबऱ्याशेजारी असतो. कुणी नवीन बाई आली, "हे काय?" म्हणाली की सांगायला बरं पडतं. परत मागू नका.

आता नवीन. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, माझं तर डाळीनं पोळलेलं. काल सकाळी सगळ्यांना अंगणात काढलं. साळू म्हणाली, "आत्या, तुमी बाहेर जा, मी थांबते." तिला हाताला धरून उंबऱ्याबाहेर नेलं, नातू तिच्या कडेवर दिला आणि आतून कडी घातली. ती दार वाजवत होती. मी वाटीभर तुरीची डाळ लावली आणि स्टोव्हपुढे फतकल घालून बसले. तुम्ही आक्काताईच्या घरी बसला होता ना, तशी. इतके दिवस तुम्हाला येडी म्हणत होते. बसल्यावर कळलं, दुसरं काही सुचत नाही.

झाकण थरथरलं नाही. शिट्टी उठली, फुस्स केलं, बसली. दुसरी झाली. तिसरी झाली तेव्हा मी रडत होते, ते वाफेनं.

कडी काढली. साळू आत आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि डाळ घोटायला बसली.

डाळ लोण्यासारखी शिजली. मीठ तुमच्या लेकीनं घातलं होतं, ते कमीच पडलं.

भामाबाई